पाव किलो वजनाचा ठोसा

जगात सावकाश माणसं पुष्कळ आहेत. कुणी आळसाने सावकाश असतो, कुणी वयाने, कुणी सरकारी नोकरीने. पण घाम गाळून, दात आवळून, मनगटांना वजनं बांधून सावकाश होणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू निवडता येत नाही. मी मुलगी पाहायला कळवणला गेलो तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांच्या ओट्यावर एक गृहस्थ एका पायावर उभे होते. दुसरा पाय त्यांनी गुडघ्यात वाकवून पोटाशी धरला होता आणि तो पुढे जाणार की खाली येणार, हे काही ठरत नव्हतं. आम्ही पोहे खाल्ले, चहा घेतला, मुलगी पाहिली, वडिलांनी पसंती कळवली. आम्ही निघालो तेव्हा तो पाय जमिनीला टेकण्याच्या बेतात होता. "हे आमचे थोरले जावई," सासरे म्हणाले. आवाजात अभिमान नव्हता आणि तक्रारही नव्हती. उन्हाळ्यात आमच्या विहिरीला पाणी नसतं, हे पाहुण्याला आधीच सांगून ठेवावं तसा तो सूर होता. मी त्याच वेळी सावध व्हायला हवं होतं.

साडू एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते. तरुणपणी तिथल्या कॉलनीत बदलून आलेल्या कुणा माणसाकडून ते कराटे शिकले. तो माणूस पुढे बदली होऊन गेला आणि कराटे यांच्याकडे राहिलं. कराट्यात काता म्हणून एक प्रकार असतो. समोर कुणी नसताना ठरलेल्या क्रमाने ठोसे मारायचे, लाथा मारायच्या, न आलेले वार अडवायचे आणि जिथून निघालो तिथे परत येऊन थांबायचं. चांगला खेळाडू हे सगळं मिनिटभरात उरकतो. साडूंना त्याच कात्याला वीस मिनिटं लागत. शिवाय दोन्ही मनगटांना वाळू भरलेल्या कापडी पट्ट्या बांधलेल्या असत, एकेक पाव किलोची. त्या ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, त्यांच्या जुन्या खाकी पँटच्या कापडातून शिवल्या होत्या. पाव किलो म्हणजे काहीच नाही असं मला वाटायचं. एकदा मी बोलूनही दाखवलं, "दादा, एवढंच वजन? माझ्या डब्यात याहून जास्त भाजी असते." त्यांनी पट्ट्या सोडून माझ्या हातांना बांधल्या, मूठ कमरेशी घ्यायला लावली आणि म्हणाले, "आता ठोसा मारा. पण असा, की समोर माशी बसली असली तर ती उडता कामा नये." हात अर्ध्यावर पोहोचेपर्यंत माझा खांदा पेटला होता, दंड थरथरत होता आणि आपल्याला कोपर नावाचा अवयव आहे हे मला प्रथमच कळत होतं. "जोरात मारला की हात कुठून कसा गेला हे हातालाही कळत नाही, साडूभाऊ," ते म्हणाले. "हळू मारला की चूक उघडी पडते. अन् वजन जास्त घेतलं की खांदा चोरी करतो, पाठीला कामाला लावतो. पाव किलोत त्याला चोरी करायला निमित्तच सापडत नाही." मी शाळेत भूगोल शिकवतो. हिमालय अजून वाढतो आहे, असं मी मुलांना दरवर्षी सांगतो. पण ते बघत कुणाला उभं राहावं लागत नाही.

अशी सवय एकदा अंगात मुरली की ती कात्यापुरती राहत नाही. ते दार उघडत तेव्हा कडी वाजत नसे. भाकरीचा तुकडा मोडून तोंडाकडे नेताना मध्येच थांबून कोपर बरगडीपासून फार लांब तर गेलं नाही ना, हे बघत. लग्नात अक्षता टाकायला त्यांनी हात उचलला की तो पूर्ण पुढे येईपर्यंत नवरा-नवरी जेवायला बसलेली असत. नाशिकचा गर्दीचा द्वारकेचा चौक त्यांच्याबरोबर ओलांडायचा असला की मी आधी घरी फोन करून ठेवत असे. एकदा तर नाशिकरोडच्या बसस्थानकाबाहेर एका इसमाने माझ्या हातातला मोबाईल हिसकावला. साडू माझ्या शेजारीच, त्या इसमापासून दोन हातांवर उभे. मी ओरडलो, "दादा, पकडा." त्यांनी डावा पाय पुढे सरकवला, गुडघा वाकवला, कंबर वळवली, उजवी मूठ कमरेशी नेली. सगळं पुस्तकात छापून ठेवावं असं. तोवर तो इसम रस्ता ओलांडून, रिक्षा ठरवून, सिन्नर फाट्याकडे निघूनही गेला होता. चौकीत हवालदाराने माझ्याकडे बघून विचारलं, "हे काका ब्लॅक बेल्ट म्हणता, मग यांनी केलं काय?" मी तोंड उघडायच्या आत साडू शांतपणे म्हणाले, "पाय बरोबर पडला होता." हवालदाराने पेन खाली ठेवलं. मीही मोबाईलची आशा तिथेच सोडली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जेल रोडला, आपल्याच सोसायटीच्या हॉलमध्ये कराटेचा वर्ग काढला. पहिल्या आठवड्यात तीस मुलं आली. ही गर्दी टिकायची नाही, असं मी ताईंना तेव्हाच म्हटलं होतं. आणि आयुष्यात एकदा तरी आपण खोटे ठरावं अशी माझी मनापासून इच्छा होती. पहिला महिना त्यांनी मुलांना उभं राहायला शिकवलं. दुसरा महिनाही. तिसऱ्या महिन्यात एक पालक आले आणि म्हणाले, "सर, अडीच महिन्यांत तुम्ही माझ्या मुलाला फक्त उभं राहायला शिकवलंय." साडू म्हणाले, "हो. पण अजून नीट जमत नाही त्याला." पलीकडच्या गल्लीत दुसरा वर्ग निघाला. तिथे पहिल्याच दिवशी आरोळ्या होत्या, दुसऱ्या दिवशी कौलं फुटत होती आणि दर दोन महिन्यांनी बेल्टचा रंग बदलत होता. वर्षभरात तिसाची सात मुलं झाली, मग दोन, मग एक मुलगी उरली आणि तिचंही दहावीचं वर्ष आलं. शेवटी एकच विद्यार्थी राहिला, तो मी. माझा उजवा खांदा आखडला होता, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, आणि बहिणीच्या सोसायटीतला तो रिकामा हॉल बघवत नाही म्हणून बायकोने मला तिकडे पाठवलं होतं. बावन्नाव्या वर्षी पांढरा बेल्ट बांधून मी रोज सकाळी सहा वाजता जाऊ लागलो. साडू हजेरी घेत. तीसही नावं वाचत, प्रत्येक नावानंतर उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबत आणि मग पुढचं नाव घेत. एकतिसाव्या नावाला मी "हजर" म्हणत असे. खांदा काही बरा झाला नाही. तो का दुखतो, हे मात्र मला फार बारकाईने कळू लागलं.

अशात जिल्ह्याच्या स्पर्धेत पंचावन्न वर्षांवरच्या लोकांसाठी कात्याचा गट निघाला आणि साडूंनी नाव दिलं. मी त्यांना परावृत्त करायचा प्रयत्न केला. "दादा, तिथे हळू नाही चालणार." ते म्हणाले, "काता चालणार ना?" पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. त्यांचा नंबर दुपारच्या जेवणाच्या जरा आधी लागला. पंचांनी मनगटावरच्या पट्ट्या काढायला सांगितल्या. त्या काढण्यातच बराच वेळ गेला. मग त्यांनी वाकून नमस्कार केला आणि पहिली अडवण सुरू केली. हात छातीसमोर येईपर्यंत सगळ्यांना वाटलं, काका काता विसरले. पहिल्या ठोशाला वाटलं, काकांना चक्कर येते आहे. प्रथमोपचारवाली मुलगी साखर-मिठाचं पाणी आणि खुर्ची घेऊन धावत आली. "काका, बसा थोडं." साडू तिच्याकडे न बघता तिला वळसा घालून पुढच्या पवित्र्यात गेले. पंचांनी नियमांचा कागद उलटसुलट वाचला. किती वेळात संपवायचं हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. लोक आधी हसले, मग मोबाईलमध्ये शिरले, मग एकेक करून मिसळ खायला गेले. शेवटी पंचही गेले. बक्षीस समारंभासाठी खुर्च्या मांडायच्या होत्या म्हणून दोन कामगार एकमेकांत अडकवलेल्या मॅट कडेने उचलू लागले. होता होता साडूंच्या पायाखालच्या आणि आसपासच्या नऊ मॅट उरल्या. ते कामगार भले होते. काकांचं होईपर्यंत भिंतीला टेकून उभे राहिले. साडूंनी शेवटचा ठोसा मारला, जागेवर आले, पंचांच्या रिकाम्या टेबलाला नमस्कार केला. फळ्यावर त्यांच्या नावापुढे नुसती रेघ होती.

आम्ही तिघं रिक्षाने परत निघालो. मी मनात सांत्वनाची दोन-तीन वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य खोटं वाटत होतं. ताई सकाळपासून स्पर्धेच्या जागी एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होत्या, मिसळ खायलाही उठल्या नव्हत्या. त्या बाहेर बघत म्हणाल्या, "तिसऱ्या वळणाला डावी टाच उचलली गेली तुमची."

"दिसली का?" साडू म्हणाले.

"मला दिसली."

घर येईपर्यंत साडू त्या टाचेचाच विचार करत होते. स्पर्धा त्यांच्या डोक्यातून गेली होती. माझ्या डोक्यातून ती अजून गेलेली नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी, एका सकाळी मेथी निवडता निवडता ताईंच्या हातातली जुडी खाली पडली आणि पाठोपाठ त्याही कलंडल्या. मला साडूंचा फोन आला. "साडूभाऊ, हिचा डावा हात ऐकत नाहीये." एवढंच. आम्ही त्यांना गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलात नेलं. अठरा दिवस काढले. लकवा होता. जीभ वाचली, चेहरा सावरला, पाय काठीच्या आधाराने पडू लागला. डावा हात मात्र खांद्यापासून लोंबकळत राहिला. सासूबाई कळवणहून आल्या, लेकीच्या उशाशी बसल्या आणि दर थोड्या वेळाने मला विचारू लागल्या, "जावईबापू, हात हालंल ना तिचा?" मी म्हणायचो, हालेल. भूगोलाच्या मास्तराला दुसरं काय सांगता येणार?

घरी आल्यावर व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. त्यांनी ताईंचा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आता सगळं हळू करायचं. घाई अजिबात नको. वजन द्यायचं तर अगदी हलकं. चुकीची हालचाल एकदा पक्की झाली की मग सुटत नाही." खोलीतले सगळे साडूंकडे बघू लागले. माझ्या बायकोने तर डोळे पुसले. मलाही वाटलं, या माणसाने चाळीस वर्षं ज्याची तयारी केली ते हेच असणार. तीस मुलं आणि नऊ मॅट यांचा हिशोब आता लागणार, असं मी मूर्खासारखा धरून चाललो. असं वाटणं किती धोक्याचं असतं हे त्या वयात तरी मला ठाऊक असायला हवं होतं.

साडूंनी पाव किलोच्या पट्टीची शिवण उसवली आणि त्यातली वाळू काढून निम्म्याहून कमी केली. ताईंना आता शिवता येत नव्हतं, म्हणून सुईत दोरा त्यांनी स्वतः ओवला. त्याला किती वेळ लागला ते सांगत नाही. रोज सकाळी ते गॅलरीत ताईंच्या समोर बसत, त्यांचा डावा तळवा आपल्या तळव्यावर घेत आणि मांडीपासून खांद्यापर्यंत असा वर आणत की बघणाऱ्याला हालचाल दिसतच नसे. थोड्या वेळाने बघावं तर हात वर गेलेला असे. "खांद्याला मदत करू देऊ नको," ते सांगत. "तो चोर आहे." ताई म्हणत, "त्याला चोरायची तरी ताकद आहे का?" चौथ्या महिन्यात करंगळी हलली. माझ्या बायकोने पेढे वाटले, कळवणला फोन गेला, सासूबाई तिकडे देवीला ओटीचा नवस बोलल्या. साडू तेवढे हरखले नाहीत. "अंगठा पाहिजे," ते म्हणाले. अंगठा आला नाही. पाचव्या महिन्यात आला नाही, आठव्यात आला नाही. पट्टीतली वाळू दर महिन्याला चमचा चमचा कमी होत गेली आणि शेवटी ताईंच्या मनगटावर नुसतं खाकी कापड उरलं. तेही त्यांना उचलेना. वर्षाने डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की जेवढं परत यायचं होतं तेवढं आलं. आता हात आखडू नये म्हणून हलवत राहा, एवढंच. साडूंनी त्यांना नमस्कार केला. हात जोडायला त्यांना किती वेळ लागतो हे मला माहीत होतं. त्या दिवशी ते पटकन जुळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे हॉलवर गेलो. जिन्यातच मला आवाज ऐकू आला. आधी वाटलं, कुणी सतरंज्या झटकतंय. दारात जाऊन पाहिलं तर साडू एकटे काता करत होते. मनगटं मोकळी होती आणि ते पूर्ण वेगात होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, मला वाटतं कुणीच पाहिलं नसेल. ठोसा कमरेवरून निघालेला दिसत नव्हता, पोहोचलेलाच दिसत होता. वळताना कपड्याचा फडफड आवाज येत होता आणि पाय मात्र मांजरासारखे पडत होते. मला कराट्यातलं फार कळत नाही. पण काहीही न कळणाऱ्यालाही कळावं असं ते होतं. मिनिटभरात संपलं. बासष्ट वर्षांचा माणूस जिथून निघाला होता त्याच फरशीवर येऊन थांबला, आणि मग खाली बसला.

"चूक दिसली का?" त्यांनी विचारलं.

"नाही, दादा."

"नव्हतीच." ते आपल्या हातांकडे बघत होते. "हळू केल्यानं सगळं येतं, असं मी म्हणायचो. बघा, आलं. सगळं मलाच आलं." मग म्हणाले, "मला काय करायचंय ते, साडूभाऊ?"

मी त्यांच्याशेजारी बसलो. त्या दिवशी हजेरी झाली नाही. त्यांनी हॉलची किल्ली सोसायटीत परत केली आणि मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आता तिथे संध्याकाळी झुंबा चालतो आणि रविवारी वाढदिवस होतात.

गॅलरीतला व्यायामही त्यांनी बंद केला. ते खोलीत पंख्याकडे बघत पडून राहत. आठवड्याने ताईंनी मला बोलावून घेतलं आणि दार लोटायला सांगितलं. "हात यायचा नाही हे मला करंगळीच्या वेळीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगवलं नाही. मी तिथं हातासाठी थोडीच बसत होते? लग्न झाल्यापासून हा माणूस कधी भिंतीकडे तोंड करून हळू, कधी आरशाकडे तोंड करून हळू. माझ्याकडे तोंड करून रोज तासभर बसला तो या वर्षात. तेवढं बंद नका करू म्हणावं." मग म्हणाल्या, "अन् त्यांचं त्यांनी सोडायचं नाही. तब्येत बिघडेल. गॅलरीत करायला सांगा, मी आकडे मोजीन. मी आकडा म्हटल्याशिवाय पुढचा ठोसा नाही."

मी हा निरोप जसाच्या तसा पोचवला. साडूंनी तो डोळे मिटून ऐकला. मग भिंतीकडे कूस वळवली. मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं, की काही आशा दिसत नाही. मी बहुतेक वेळा हेच सांगतो आणि बहुतेक वेळा ते खरं ठरतं.

गेल्या रविवारी सकाळी द्राक्षं द्यायला तिकडे गेलो. दार उघडंच होतं. गॅलरीत ऊन आलं होतं. ताई खुर्चीत बसल्या होत्या, डावा हात मांडीवर उशीवर ठेवलेला. समोर साडू पवित्र्यात उभे, उजवी मूठ पूर्ण पुढे, मनगटाला पाव किलोची दुसरी, न उसवलेली पट्टी. "सहा," असं ताईंनी म्हटलेलं मला चप्पल काढताना ऐकू आलं होतं. मी आत जाऊन द्राक्षं ओट्यावर ठेवली, माठातलं पाणी प्यालो, बाहेर आलो. सात काही ऐकू आलं नाही. साडूंचा हात तसाच पुढे होता, दंड थरथरायला लागला होता, कानशिलावरून घाम उतरत होता. मी वळून पाहिलं तर ताईंची मान कलली होती. त्या गाढ झोपल्या होत्या.

मी हळूच म्हणालो, "दादा, झोपल्यात त्या."

"माहितीये."

"मग हात खाली घ्या की."

ते ताईंकडेच बघत होते. ओठ न हलवता, त्यांना जाग येऊ नये इतक्या बारीक आवाजात म्हणाले, "सात म्हटलं नाही अजून तिनं."